सव्वीस नोव्हेंबरचं पान

शाळेच्या परिपाठात दिनविशेष सांगायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या वहीमुळे. डी.एड.ला असताना आमच्या एका बाईंनी सांगितलं होतं, शिक्षकाकडे वर्षाच्या प्रत्येक तारखेसाठी एक पान असावं. मी ते फारच मनावर घेतलं. जाड पुठ्ठ्याची वही आणली, लीप वर्षाचा दिवसही धरून पानापानावर तारखा घातल्या, आणि वर्तमानपत्रं, जुन्या दिनदर्शिकांची मागची पानं, वाचनालयातले कोश, जिथून मिळेल तिथून उतरवून घेत गेले. नोकरी लागली तेव्हा वही निम्मी भरली होती. पुढच्या पाच-सहा वर्षांत समासातसुद्धा जागा उरली नाही.

रोज एक पान मोठ्याने वाचायला लागले तेव्हा कळलं की मी काय गोळा केलंय. चौदा जानेवारीला मुलं डब्यातून तिळाचे लाडू आणायची आणि माझ्या पानावर पानिपत. तेरा एप्रिलला जालियनवाला बाग. सहा ऑगस्टला हिरोशिमा. बारा मार्चच्या पानावर वरच्या ओळीत दांडीयात्रेला सुरुवात, खालच्या ओळीत मुंबईतले बॉम्बस्फोट, आणि दोन्ही ओळी एकाच निळ्या शाईत, एकाच अक्षरात. आमचे मुख्याध्यापक कोल्हापूरकडचे. एकदा परिपाठ संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पोरांनी सकाळी काय खाल्लंय का नाही कुणास ठाऊक, आणि तुम्ही त्यांना तोफा ऐकवताय. कुणाचा जन्मबिन्म झाला असला तर तेवढं सांगत जावा की."

मग मी निवडून सांगायला लागले. मेलेल्यांना पानावर ठेवायचं, जन्मलेल्यांना वाचायचं.

आमची शाळा मालवण तालुक्यात, अगदी किनाऱ्यालगत. चिऱ्याच्या कुंपणापलीकडे सुरूची झाडं, त्यापलीकडे वाळू, आणि वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. निम्म्याहून जास्त मुलांचे बाप मासेमारीला जाणारे. गाव माझंच. मी लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या घराला लागून माझ्या दोन खोल्या होत्या. भावाला मी दादा म्हणते. त्याची स्वतःची लहान होडी होती, इंजिन लावलेली, आणि तोच तिचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. आई वारल्यापासून माझं जेवण त्याच्याच घरी असायचं.

सव्वीस नोव्हेंबरच्या पानावर कितीतरी वर्षं एकच ओळ होती. १९४९, संविधान सभेने संविधान स्वीकारलं. २००८ मध्ये तिच्याखाली दुसरी ओळ आली. ते तीन दिवस आम्ही दादाच्या घरी टीव्हीसमोर बसून काढले. सगळा देश मुंबईतल्या हॉटेलांच्या खिडक्यांतून निघणारा धूर बघत होता. आमच्या वाडीत मात्र बोलणं होतं ते बोटीचं. मारेकरी समुद्रातून आले होते, मासेमारीची एक बोट ताब्यात घेऊन, आणि त्या बोटीच्या तांडेलाला त्यांनी मारून टाकलं होतं. दादा उंबऱ्यावर बसून परत परत तेच म्हणायचा, "तो बिचारो मासे मारूक गेल्लो. त्याका सोडल्यानी आसतो तर त्यांचां काय जातां?" पुढे ओळखपत्रं आली, होड्यांवर नंबर आले, खाडीच्या तोंडाशी पोलिसांची तपासणी सुरू झाली. समुद्रावर अनोळखी बोट दिसली की माणसं आधी तिच्याकडे बघत राहायची, मग जाळं टाकायची.

ती दुसरी ओळ मी त्याच आठवड्यात लिहिली. लिहिताना हात थांबला नाही, कारण ते सगळं लांबचं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या किनाऱ्यावर वेगळंच सुरू झालं. बाहेरच्या मोठ्या बोटी पर्ससीनची जाळी घेऊन जवळच्या पाण्यात यायला लागल्या. हे जाळं माशांच्या थव्याला चारी बाजूंनी वेढा घालतं आणि पिशवीचं तोंड आवळावं तसं खालून आवळून सगळा थवा एकदम उचलतं. लहान होड्यांच्या वाट्याला मग पाणी उरतं. अर्ज झाले, मोर्चे झाले. समुद्रात शिव्या झाल्या, मग दगड झाले. एका होळीला मोठ्या बोटीवरून फेकलेली बाटली दादाच्या मनगटाला लागून टाके पडले. वहिनी, दादाची बायको, मला म्हणाली, "आता ह्यां खंय जावन थांबतलां?" मी शाळामास्तरीण, मी म्हटलं, कायदा आहे, थांबेल.

तो दिवस सव्वीस नोव्हेंबरचा होता. वर्ष सांगत नाही. गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

उजाडताना दादा आणि आणखी तीन होड्या परत आल्या त्या रिकाम्या. मोठ्या बोटीने रात्रीच्या अंधारात त्यांची जाळी कापत नेली होती. वाळूवर जाळ्याच्या चिंध्या पसरून माणसं उभी होती. मी शाळेकडे जाताना बघितलं, दादा एक चिंधी हातात धरून नुसता फिरवत होता. मी "दादा" म्हणून हाक मारली. त्याने मान वर केली नाही.

शाळेत संविधान दिनाची तयारी होती. दादाची मुलगी, माझी भाची, तेव्हा सातवीत. दिनविशेष वाचायचा मान तिचा. वही छातीशी धरून ती पुढे आली आणि त्या पानावरच्या दोन्ही ओळी तिने खणखणीत वाचल्या. मग मी उद्देशिका सांगायला सुरुवात केली आणि मुलं माझ्यामागून म्हणायला लागली, "आम्ही, भारताचे लोक..."

न्याय आणि स्वातंत्र्य झालं, समानतेवर आलो, आणि सुरूच्या पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. पाठोपाठ काळा धूर. नंतर कळलं, दहा-बारा होड्यांनी परत जाऊन एक मोठी बोट घेरली होती आणि किनाऱ्याला आणून पेटवली होती. तिच्यावरच्या खलाशांनी पाण्यात उड्या टाकल्या होत्या. त्यातला एक आमच्या कुंपणावरून आत पडला.

पडला तो चौथीच्या मुलांच्या रांगेत. विशी-बाविशीचा असेल. अंगावर ओली बनियन आणि हाफपँट. खडकांवरची धारदार कालवं लागून दोन्ही तळपाय फाटले होते, कपाळातून रक्त येत होतं. मुलं किंचाळत पांगली. तो उठला, माझ्याकडे आला आणि हिंदीत म्हणाला, "मैडम, बचाओ. मार डालेंगे."

मी विचार केला नाही. ऑफिसच्या बाजूला पोषण आहाराचे तांदूळ-डाळ ठेवायची खोली होती. त्याला तिथे ढकललं, कडी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरली. मुख्याध्यापक सरांनी मुलांना वर्गांत कोंडून दारं लावून घेतली. खिडक्यांना गज होते, पण त्या उघड्याच राहिल्या.

मग माणसं आली. चाळीसेक असतील. कुणाचा भाऊ, कुणाचा बाप, सगळी ओळखीची. सर फाटकात हात जोडून उभे राहिले. "ही शाळा आहे. लेकरं आहेत आत. पोलिसांना फोन लावलाय मी." कुणीतरी त्यांना ढकललं. त्यांचा चष्मा खाली पडला आणि त्यावरून माणसं आत आली. सगळ्यांत पुढे दादा. कमरेपर्यंत भिजलेला, हातात वल्ह्याचा दांडा.

"बाय, किल्ली दी."

"दिवचंय नाय. हयसर पोरां आसत, दादा. मागे जा."

"तो आमका होयो. बोट कोणाची आणि जाळी कापूक कोणी सांगल्यानी तां त्याच्याकडसून कळतलां. पोलिसांच्या ताब्यात देतलंव."

"तुमी त्याका मारतलास."

"मारूचंव नाय."

"शपथ घे."

त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. "आवशीची शपथ. माझ्या ह्या हातान त्याका पोलिसांकडे न्हेतंय."

आई जाऊन सात वर्षं झाली होती. तिच्या नावाची शपथ आमच्या घरात कुणी कधी उगाच घेतली नव्हती. आणि मी त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं होतं. एकाच्या हातात पेट्रोलचा कॅन होता. कुणीतरी ओरडत होतं, खोलीच पेटवा. त्या खोलीच्या भिंतीला लागून पहिलीचा वर्ग होता.

मी किल्ली दिली.

दादाने कुलूप काढलं. तो मुलगा तांदळाच्या पोत्यांमागे अंग चोरून बसला होता. दादाने त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर आणलं. सांगितलं पाहिजे ते सगळं सांगते: पटांगणातल्या हातपंपापर्यंत दादाने शब्द पाळला. अंगावर येणाऱ्यांना तो कोपराने मागे सारत होता, "हात लावू नका रे" म्हणून ओरडत होता. तेवढ्यात एक दगड आला आणि त्या मुलाच्या तोंडावर बसला. तो भेदरला. सुटायची धडपड करताना त्याचं डोकं दादाच्या नाकावर आदळलं. दादाच्या नाकातून रक्ताची धार लागली.

मी दहा पावलांवर होते. दादाने ओठावरचं रक्त पुसलं, हाताकडे बघितलं, आणि दांडा उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला. मुलगा गुडघ्यावर आला, दोन्ही हात वर करून. दुसरा फटका डोक्यात, डाव्या बाजूला. आवाज फार मोठा झाला नाही. मला वाटलं होतं त्याहून लहान होता. तो आडवा पडला आणि मग बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. लाथा, दोरखंडाची गाठ, चिऱ्याचे तुकडे, कुणाच्या तरी पायातली चप्पल. एक म्हातारा, जो दर सोमवारी आमच्या मुलांना फुकट केळी द्यायचा, तो वाकून वाकून त्याच्या बरगड्यांवर मुठी मारत होता. दादा बाजूला उभा होता. दांडा मधोमध मोडला होता आणि अर्धा त्याच्या हातात राहिला होता.

थांबवलं ते सरांनी. चष्म्याशिवाय त्यांना नीट दिसत नव्हतं. ते चाचपडत आले आणि त्या मुलाच्या अंगावर सरळ पालथे पडले. दोन-तीन लाथा त्यांनाही बसल्या. मग कुणीतरी ओरडलं, "रे, सर आसत, सर आसत," आणि पाय थांबले. एकेक जण मागे सरकला. दोन मिनिटांत पटांगण रिकामं. उरलो आम्ही तिघं आणि खिडक्यांच्या गजांना लागलेले चेहरे. सातवीच्या खिडकीत माझी भाची होती. ती रडत नव्हती. तिच्या हातात अजून वही होती.

पोलीस आले, रुग्णवाहिका आली. मुलगा जिवंत होता. त्याला आधी मालवणला आणि तिथून गोव्याला नेलं.

दुपारी सर अहवाल लिहायला बसले. चष्म्याच्या एका काचेला चीर गेली होती, तो चष्मा एका हाताने धरून ते लिहीत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "बाई, कुलूप कुणी उघडलं?"

"मी किल्ली दिली, सर. दादाला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उठले. कोपऱ्यात खिळे ठोकायची हातोडी होती ती घेतली, त्या खोलीपाशी गेले आणि दाराच्या कडीवर चार घाव घातले. कडी निखळून लोंबकळायला लागली. परत येऊन त्यांनी पेन उचललं.

"कडी जमावानं तोडली," ते म्हणाले. "आता असंच. तुमची नोकरी आहे, बाई. आणि तुम्ही काही वाईट मनानं दिली नव्हती."

मी नको म्हटलं नाही. संध्याकाळी पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा मीही तेच सांगितलं. कडी जमावाने तोडली. गर्दीत कुणी मारलं ते दिसलं नाही.

दादासकट बारा जणांना अटक झाली. काही आठवड्यांनी ते जामिनावर सुटून आले. दादा आला, अंगणात हातपाय धुतले, जेवला, आणि पडवीत फाटकी जाळी घेऊन बसला. माझ्या जबाबाविषयी त्याने एक शब्द विचारला नाही. मीही शपथेविषयी विचारलं नाही. एका अंगणात राहून, एका पातेल्यातलं जेवून आम्ही त्या दिवसाला वळसा घालून चालत राहिलो.

शाळेत मधल्या सुट्टीत मुलांचा एक नवीन खेळ सुरू झाला. एकाने पळायचं, बाकीच्यांनी त्याला हातपंपापाशी गाठायचं. पळणाऱ्याला खलाशी म्हणायचे. खलाशी व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून रोज तिसरीतला एक गरीब पोरगा धरला जायचा. सरांनी खेळ बंद केला, तर तो सुरूच्या झाडांत सुरू झाला. भाचीने दिनविशेष वाचायचं सोडलं. का, ते तिने सांगितलं नाही. वही माझ्या टेबलावर आणून ठेवली, एवढंच.

पुढच्या वर्षी ती तारीख आली. आदल्या दिवशी मी ते पान उघडून बसले. दोन ओळींखाली चार बोटं जागा शिल्लक होती. हजारो मैलांवरची युद्धं मी दोन ओळींत बसवली होती, कोण मेलं, किती मेले, कुणी मारले. आमच्या पटांगणात जे झालं ते माझ्या वहीत बसण्याइतकं मोठं नव्हतं का? की ते लिहायचं तर 'कुणी' हा शब्द लिहावा लागला असता? मी पेनाचं टोपण लावलं. परिपाठाला उद्देशिका सरांनी सांगितली. त्या महिन्यात मी दिनविशेषाचं काम दुसऱ्या शिक्षिकेकडे दिलं. पूर्वी जी पानं मी वेगाने लिहून काढली होती ती आता वाचवत नसत. प्रत्येक ओळीमागे मला कुणीतरी किल्ली देणारं दिसायचं.

खटला उभा राहायला पाच वर्षं लागली. तोवर सर निवृत्त होऊन कोल्हापूरला गेले होते. भाची मालवणला कॉलेजात जायला लागली होती. माझं साक्षीचं समन्स आलं त्या आठवड्यात ती विहिरीवर कपडे धुवायला आली. मीही तिथेच होते.

"आते, तू थंय काय सांगतलंस?"

"लिवलेलां आसा तां."

तिने चादर पिळली, दगडावर आपटली, परत पिळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी खिडकीत हुतंय. मी बघलंय." आणि बादली उचलून गेली.

ओरोसला, जिल्ह्याच्या कोर्टात जाताना, बसमध्ये मी एकटी होते. दादा आणि बाकीचे टेम्पोने गेले होते. कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीदारांच्या बाकावर सर बसले होते, पांढरा शर्ट, नवा चष्मा. आम्ही एकमेकांच्या तब्येतीची चौकशी केली. तेवढ्यात आतून एक माणूस बाहेर आला. त्याची साक्ष नुकतीच संपली होती. डावा डोळा मिटल्यासारखा, डावा हात छातीशी आखडलेला, पाय ओढत चालणारा. मी ओळखलं नाही. त्याने ओळखलं. सोबतच्या माणसाचा हात सोडून तो माझ्यासमोर आला आणि कसाबसा वाकून त्याने माझ्या पायांना हात लावला.

"मैडम," तो म्हणाला. जीभ जड होती, शब्द ओढून काढावे लागत होते. "आपने बचाया था. मैंने जजसाब को बोला. मैडम ने छुपाया था. वो लोग ताला तोड़ा."

मी पाय मागेही घेऊ शकले नाही.

सरांना आधी बोलावलं. दाराला लागूनच बाक होता, त्यामुळे त्यांचा आवाज बाहेर येत होता. कडी जमावाने तोडली, असं ते म्हणाले. शांतपणे, अहवालात होतं तसं. मग माझं नाव पुकारलं गेलं.

आरोपींच्या बाकावर दादा दुसरा होता. मागे, भिंतीशी, तो खलाशी येऊन बसला होता. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, "खोलीचं कुलूप कसं उघडलं गेलं?"

"मी किल्ली दिली."

वकिलांनी हातातल्या कागदाकडे बघितलं. "कुणाला?"

"माझ्या सख्ख्या भावाला. तो इथे बसलेला आहे. पोलिसांकडे नेतो म्हणून त्याने शपथ घेतली होती. हातपंपापाशी त्याने दोन फटके मारले. दुसरा डोक्यात मारला. मी दहा पावलांवर होते."

दादा खाली बघत होता. मी सरांकडे बघितलं नाही.

मग बचावाचे वकील उठले. ते चांगले होते, त्यांचं काम त्यांनी केलं. पोलिसांना असं का सांगितलं नाहीत? तेव्हा खोटं बोललात की आता? मुख्याध्यापकांचा अहवाल खोटा? थोड्या वेळापूर्वी त्यांनी शपथेवर सांगितलं ते खोटं? भावाशी घरावरून वाद आहे ना? एक भिंत, एक विहीर, वाद नसेल कसा? प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तराने मी आणखी खोटी ठरत होते. पाच वर्षांपूर्वी पाच मिनिटांत जे लिहून दिलं होतं ते आता माझ्या प्रत्येक वाक्याच्या आडवं येत होतं.

बाहेर आले तर खलाशी जिन्यापाशी उभा होता. सोबतच्या माणसाने त्याला माझं मराठी हिंदीत सांगितलं असावं. त्याने उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं.

"चाबी दी थी?"

"हाँ."

त्याने मान हलवली, हळूहळू, दोन-तीनदा. हिशेब लागायला वेळ लागतो तशी. मग भिंतीला धरून एकेक पायरी उतरत गेला. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, त्याचं नाव मला माहीत होतं ते फक्त खटल्याच्या कागदांवरून. हाक मारण्याइतकी ओळख नव्हती.

एस.टी. स्टँडवर सर भेटले. मी म्हटलं, "सर, तुम्हाला खोटं पाडलं मी."

"खोटं मी बोललो होतो, बाई. तुम्ही नाही पाडलं." त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "फक्त आधी सांगितलं असतंत तर मीही खरं सांगितलं असतं. दोघांचं जुळलं असतं." त्यांची गाडी लागली आणि ते गेले. नंतर त्यांची माझी भेट झाली नाही.

सगळे निर्दोष सुटले. माझ्या साक्षीवर विसंबता येत नाही, असं निकालात होतं, आणि ते खरंच होतं. गावात फटाके वाजले. टेम्पो घरावरून जाताना माझ्या कौलांवर दगड पडले, दोन कौलं फुटून ताटात आली. दुसऱ्या दिवशी वहिनी अंगणात आली. तिने माझ्या थोबाडीत मारली, अशी की कानाला दिवसभर दडे बसले. "बारा घरां बुडवूक निघालंस," ती म्हणाली, "आणि ह्येच्याच हातचां खालंस इतकी वर्सां." तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. दादा पडवीतून बघत होता. तो उठला नाही. आठवड्याभरात दोन घरांच्या मध्ये माडाच्या झावळ्यांचं कुंपण उभं राहिलं.

खात्याची चौकशी लागली आणि मग बदली झाली, आत, मसुऱ्याच्या बाजूला. काजू-आंब्याच्या बागा, भातशेती. मुलांना समुद्र माहीत होता तो सहलीपुरता. मी तिथेच खोली घेतली. भाची नर्सिंगचं शिकून गोव्याला नोकरीला लागली. ती महिन्यातून एकदा माझ्याकडे यायची, जेवायची, झोपायची आणि जायची. घरचं काही सांगायची नाही. एकदा एवढंच म्हणाली, "बाबा खलाश्यांका इचारतत. बंदरार त्या बाजूचो कोण दिसलो की इचारतत, तो मार खाल्लेलो पोरगो खंय आसा म्हणान. एक म्हणता गावाक चहाची टपरी घातल्यान. एक म्हणता मेलो." मी पुढे विचारलं नाही. तिलाही ठाऊक नव्हतं.

दादा आणि मी सहा वर्षं बोललो नाही.

गेल्या वर्षी पुन्हा तसंच झालं. मोठी बोट आत आली, आमच्या गावच्या होड्या तिच्यावर गेल्या. मला मधल्या सुट्टीत मोबाईलवर कळलं. चित्रफीत होती. धूर, वाळूवर धावणारी माणसं, एकाला फरफटत आणलेलं. मी ती चार वेळा लावून प्रत्येक पाठमोऱ्या माणसात दादाला शोधत होते. पांढरे केस, रुंद खांदे, जरा वाकलेली मान. तसे दोन होते. चेहरा दिसत नव्हता. दुपारी मी वर्गावर गेले तर फळ्यावर काय लिहिलं ते मलाच वाचता येईना. चौथीच्या मुलांना चित्र काढायला सांगून खुर्चीत बसून राहिले.

शाळा सुटता सुटता फोन वाजला. नंबर बदललेला होता, पण श्वासावरूनच मी ओळखलं.

"बाय."

"बोल, दादा."

"आज मी गेलंय नाय."

मी वर्गाचं दार ओढून घेतलं. तोच म्हणाला, "सगळे बोलवूक इले. मी म्हटलंय, माका जमूचां नाय. दारात बांगड्यो टाकून गेले. तुझी वहिनी त्यो गोळा करता हा."

"बरां केलंस."

"बरां काय आणि वायट काय. माका जमला नाय, बस." पलीकडे लाटांचा आवाज नव्हता, तो घरातच होता. मग म्हणाला, "किल्लीची चूक तुझी नव्हती गो. शपथ मी मोडलंय. तां तू कोर्टात सांगूक नाय. शपथ घेतल्यान इतक्याच सांगलंस."

"माका त्यांनी इचारला नाय."

"होय," तो म्हणाला. "कोणी इचारला नाय."

मागे वहिनी त्याला काहीतरी म्हणाली. भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"जेवलंस?" मी विचारलं.

"खंय? सकाळधरून पाणी पण घेवक नाय."

"मगे जेव आधी. फोन ठेव आणि जेव."

"तू येतलंस?" त्याने विचारलं.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. शेवटची बस अजून गेली नव्हती. मी त्याला म्हटलं, वहिनीला फोन दे, आधी तिला विचारते.